डावखुऱ्या देवीचा कौल

रत्नागिरी,
गणपती गेल्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप मालूताईस,

धाकट्या भास्करचा वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त पत्रात. प्रत्यक्षात डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या लेकीने, दिशाने, हौसेने आणून दिलेलं कानाचं यंत्र तू डबीत, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली कुठेतरी ठेवली आहेस असं तिनेच कळवलं. ठेवलंस ते ठीक केलंस, यंत्र टिकेल. इकडे आम्ही दोघं बरी आहोत. पावसाने या वर्षी काही कमी केलं नाही. अंगणातल्या चिऱ्यांवर इतकं शेवाळ आहे की दूधवाला बेड्याच्या फाटकाबाहेरूनच हाक मारतो आणि तुझी भावजय योगिनी दगडी गडग्याला धरत धरत त्याच्यापर्यंत जाते. मी ओटीवरून तिला कुठे पाय ठेवायचा ते सांगतो. ती माझं ऐकत नाही, म्हणूनच अजून पडलेली नाही असं तिचं म्हणणं आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस. मागे योगिनीची दाढ दुखत होती ती बातमी तुझ्याकडून सगळ्या गोतावळ्यात फिरून आमच्याकडे परत आली, तोवर बिचारीचं मोठं ऑपरेशन होऊन गेलेलं होतं. आणि आपल्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहावं तर तिथे सगळेच असतात. शिवाय जन्मभर टपालखात्यात काढलेल्या माणसाने पत्र लिहायचं नाही तर मग कोणी लिहायचं? मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की भास्कररावांच्या हातून एकही पत्र गहाळ झालं नाही. (हे खरं आहे. उशिरा गेली असतील, गहाळ झालं नाही.)

आता मुद्द्याचं. मुद्दा आपल्या माजघरातल्या देवीच्या चित्राचा आहे आणि तो मी अगदी तटस्थपणे लिहिणार आहे. या सगळ्या प्रकरणात आमच्या घरात तटस्थ असा मी एकटाच होतो. बाकी सगळ्यांना काही ना काही हवं होतं. मला काहीच नको होतं, हे तुला पुढे दिसेलच.

सुरुवात केली अनिलने. आपल्या दादाचा हा मुलगा गणपतीला ठाण्याहून आला, की पहिल्या दिवशी झोपतो आणि दुसऱ्या दिवसापासून घर सुधारायला घेतो. मागच्या वर्षी त्याने मोरीला फरशी बसवली, तिच्यावरून मी एकदा आणि शेजारची गाय एकदा घसरलो. या वर्षी त्याने देवीचा फोटो काढला. फोटोत तो स्वतःही आला. (देवी, सिंह, महिषासुर आणि अनिल, अशी चौघं.) तो त्याने कुठेतरी टाकला, तो कोणीतरी पाहिला, त्या कोणाची तरी ओळख मुंबईच्या एका संग्रहालयात होती आणि गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथली मनस्वी नावाची मुलगी आपल्या दारात उभी राहिली. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. मी एक भाषण तयार ठेवलं होतं, की बाई, ही आमची देवी आहे, तुमच्या दिवाणखान्यातली वस्तू नव्हे, वगैरे. पण मुलीने चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, माजघरात येऊन देवीला डोकं टेकवलं आणि मग पिशवीतून हातमोजे काढून घातले. भाषण वाया गेलं. योगिनीने तिला उकडीचे मोदक वाढले, तिने ते मोजे काढून खाल्ले, आणि घर तिचं झालं.

देवी भिंतीवरून खाली उतरवली तो एक स्वतंत्र सोहळाच होता. आपल्या आठवणीत ती कधी उतरलेली नाही. दसऱ्याला तिथल्या तिथे पुसायची, एवढंच. अनिल स्टुलावर, मी खाली, मनस्वी मध्ये आणि योगिनी सगळ्यांना रागावायला. चौकट सुटली तेव्हा मागे पालीची अंडी निघाली, जुन्या कॅलेंडरचं एक पान निघालं आणि आबांच्या चष्म्याची काडी निघाली. ही काडी हरवली म्हणून आबांनी तुझ्यावर आळ घेतला होता आणि तू दोन दिवस रडत होतीस. तू निर्दोष होतीस हे आता सिद्ध झालं, म्हणून कळवतो.

देवी तुला तोंडपाठ आहे. तरी मनस्वीने जे सांगितलं ते ऐक, कारण जन्मभर समोर असून मला यातलं काही माहीत नव्हतं. आपली देवी काचेच्या पुढून नव्हे तर मागून रंगवलेली आहे. शे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर अशा काचचित्रांची चाल होती म्हणे, आणि आपला कोणी पणजोबा-खापरपणजोबा बंदरावर कारकून होता तेव्हा त्याने ती घेतली असावी. आता भिंतीवर किंवा कागदावर चित्र काढणारा आधी आकार काढतो, मग रंग भरतो आणि डोळे, दागिने शेवटी. काचेच्या मागून काढणाऱ्याला सगळं उलटं करावं लागतं. आधी नथीतला मोती, मग नथ, मग नाक, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी मागचं आकाश. म्हणजे ज्या कोणी आपली देवी काढली त्याने आधी तिचे डोळे काढले आणि त्या नुसत्या डोळ्यांसमोर बसून बाकीचं सगळं काम केलं. हे ऐकल्यावर मी चष्मा पुसला आणि पुन्हा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. अनिलने मात्र लगेच विचारलं, की याची किंमत किती होईल. मनस्वी म्हणाली की संग्रहालय विकत घेणार नाही, सांभाळायला नेणार आहे. मग तो स्टूल जागेवर ठेवायला गेला.

पुढे ती जे बोलली त्याने खरा घोटाळा झाला. म्हणाली, तुमची देवी डावखुरी का आहे ते माहीत आहे का? कारागिराने बहुधा कागदावरचा नमुना खाली ठेवला, त्यावर काच ठेवली आणि गिरवला. पण चित्र बघायचं ते काचेच्या दुसऱ्या बाजूने, म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलटलं आणि उजव्या हातातला त्रिशूळ डाव्या हातात आला. जाणते कारागीर आधी नमुनाच उलटा करून घेत. हा विसरला.

विसरला! ताई, तू विचार कर. आबांनी आपल्याला काय सांगितलं होतं? महिषासुर रेडा झाला, सिंह झाला, हत्ती झाला, रूपं बदलून बदलून त्याने देवीला इतकं झुंजवलं की तिचा उजवा हात भरून आला, तेव्हा आईने त्रिशूळ डाव्या हातात घेतला आणि एका दमात संपवला. त्याच हाताला मान म्हणून अष्टमीला आपल्या घरातल्या बायका डाव्या हाताने ओवाळतात. योगिनी लग्न होऊन आली त्या पहिल्या नवरात्रात तिची आई पाहुणी आली होती. लेकीच्या डाव्या हातात निरांजन बघून त्या माउलीने भिंतीचा आधार घेतला होता आणि परत जाताना मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमच्याकडे जेवतात तरी उजव्याने ना? आणि माझं तर तुला माहीतच आहे. (मनस्वीला सांगितलं तेव्हा अनिल पहिल्यांदाच ऐकत होता, म्हणून इथेही लिहितो.) मी डाव्या हाताने पाटीवर लिहायचो म्हणून मास्तर त्या हातावर छडी मारायचे. हात सुजला तेव्हा आबा शाळेत गेले, मास्तरांना चहाला म्हणून घरी घेऊन आले, माजघरात देवीसमोर उभं केलं आणि म्हणाले, आधी हिला मारा, मग भास्करला मारा. मास्तर चहा न घेता गेले. मला पुन्हा छडी बसली नाही. आणि ते सगळं एका विसराळू माणसाच्या चुकीवर चाललं होतं, असं ही मुलगी मोदक खाऊन झाल्यावर सांगते! मी तिला एवढंच म्हणालो, की बाळ, आमच्या घरात चालते तशी चूक चालू दे. ती हसली आणि म्हणाली, काका, मला पण हीच जास्त आवडते. अशा मुलीशी भांडायचं तरी कसं?

नेण्याचं कारण मात्र खरं होतं, ते तटस्थपणे मान्य केलं पाहिजे. मागच्या बाजूचा रंग ओलीने सुटून खपल्या पडताहेत. तुला आठवत असेल, तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा महिषासुराचा मागचा पाय गेलेला होता. नंतर शेपूट गेलं, मग पोट गेलं. आम्ही त्याची काळजी केली नाही. देवीसमोर महिषासुराचं होणार तेच झालं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. पण या पावसात खपल्या देवीच्या हनुवटीपर्यंत आल्या. मनस्वीने विजेरी मागून धरली तेव्हा चेहऱ्याच्या कडेने बारीक बारीक उजेड यायला लागला. आणखी एक पावसाळा इथे काढला तर चेहरा राहील असं मी सांगू शकत नाही, म्हणाली. संग्रहालयात कोरड्या थंड खोलीत राहील. दुरुस्त झाली तरी परत इथल्या दमट हवेत आणता येणार नाही. म्हणजे गेली ती गेली. भेटायला आपण जायचं. घरी तिच्या जागी हुबेहूब छापलेली प्रत.

अनिल म्हणाला, पाठवू या. मी म्हणालो, कौल लावू या. तटस्थ माणसाला दुसरं काय सुचणार? विहीर कुठे खणायची, दादाने मुंबईची नोकरी धरायची की नाही, सगळं आपल्याकडे कौल लावूनच ठरलं आहे. (दादाच्या वेळी देवळात डावा, म्हणजे नकाराचा, आला होता. तो तरीही गेला आणि त्याचं चांगलं झालं, पण ते वेगळं.) देवळातून शिवा गुरवाला बोलावलं. आता देवळातल्या पाषाणाला पाकळ्या चिकटवणं निराळं आणि माजघरातल्या काचेला चिकटवणं निराळं. शिवाने तेरड्याच्या दोन पाकळ्या भिजवल्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या; आधी पडेल त्या बाजूचा कौल. मनस्वी ओरडलीच. काचेच्या कडेने पाणी आत गेलं तर उरलेला सिंहही सुटेल, म्हणाली. मग असं ठरलं की शिवाने पाकळी लावायची आणि तिने कापसाने भोवतीचं पाणी टिपायचं. तो मंत्र म्हणतोय, ती टिपतेय, अशी जोडी कुठल्याही देवळात तुला दिसणार नाही. शिवाने गाऱ्हाणं घातलं, "आये, तुजी पोरां तुज्या पायाशी हुबी हायत. तुला मुंबैस जायाचा आसंल तर उजवा दे, हयसर ऱ्हायाचा आसंल तर डावा दे."

पाकळी पडली. त्रिशूळाच्या बाजूची, म्हणजे देवीच्या डाव्या खांद्यावरची. मी म्हणालो, झालं, आई इथेच राहते म्हणते. (तटस्थपणे म्हणालो.) यावर अनिल काय म्हणाला असेल? काका, थांबा, चित्रच उलटं आहे. त्रिशूळाचा हात मुळात उजवा. कारागिराच्या चुकीने तो डावीकडे आलाय. तेव्हा पडली ती उजवीच. मी म्हणालो, इतकी वर्षं ज्या हाताने ती महिषासुर मारतेय तो हात कुठला, हे तिला स्वतःला माहीत नसेल काय? तो म्हणाला, प्रश्न देवीचा नाही, काचेचा आहे. मी म्हणालो, मग कौल काचेला लावलाय की देवीला? शेवटी दोघांनी शिवाकडे पाहिलं. शिवा घाम पुसत म्हणाला, "माज्या बापाशीन मना पाषाणाचा कौल शिकवलान. काचंचा नाय शिकवलान."

मग असं निघालं की आधी देवीलाच विचारावं, तिचा उजवा हात कुठला. शिवाने पुन्हा पाकळ्या भिजवल्या, मनस्वीने पुन्हा कापूस घेतला. गाऱ्हाणं घालायला शिवाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण या प्रश्नाचं उत्तर उजवं आलं की डावं, हे ठरवायला आधी उजवा कुठला ते माहीत हवं, आणि तेच तर विचारायचं होतं. हे नीट लक्षात यायला आम्हा तिघा पुरुषांना एक चहा लागला. योगिनीला चहा करतानाच लक्षात आलं होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा शिवा म्हणाला, आता हात-बीत काही नको, घराच्या पूर्वेकडची पडली तर जायचं, पश्चिमेकडची पडली तर राहायचं. (पूर्वेकडे मुंबई नाही हे मी दाखवून दिलं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.) पाकळ्या लावल्या. पडेनात. हवाच अशी दमट की वाळायचं नाव नाही. आम्ही उभे, मग बसलो, मग अनिलने मोबाईल काढला. तेवढ्यात वीज गेली. अंधारात आम्ही पाचजण देवीकडे बघत बसलो होतो आणि खरं सांगतो ताई, त्या वेळी मला फार बरं वाटलं. कोणी उजवं-डावं करत नव्हतं. मग वीज आली, डोक्यावरचा पंखा गरकन फिरला आणि दोन्ही पाकळ्या एकदमच उडून एक सिंहापाशी आणि एक अनिलच्या डोक्यावर पडली. अनिलने तो शुभशकुन धरला. शिवा पंचा खांद्यावर टाकून उठला, म्हणाला, "ती सांगताय, तुमचा तुम्ही बगा." आणि नारळ घेऊन गेला.

यानंतर योगिनी आतून तिचा लग्नातला पितळी करंडा घेऊन आली. मी म्हटलं, आता कुंकू कशाला? तिने झाकण काढलं तर आत कुंकू नव्हतं. आत खपल्या होत्या. इतकी वर्षं देवीखालच्या फळीवर जे जे पडलं ते ते तिने वेचून त्यात ठेवलं होतं. महिषासुराचा पाय, शेपूट, पोट, सिंहाचं एक नख, आणि अगदी वरती, परवा पडलेला, देवीच्या हनुवटीचा गव्हाएवढा तुकडा. मला यातलं काही माहीत नव्हतं. एकाच घरात राहून महिषासुर करंड्यात आहे हे नवऱ्याला सांगू नये? मनस्वीच्या डोळ्यांत पाणीच आलं. लोक झाडून टाकतात हो, म्हणाली, यातलं बरंचसं परत बसवता येईल. योगिनी म्हणाली, देवीचं काही केरात जातं होय? आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, चेहरा गेल्यावर काय मी नुसता करंडा पुजू? एवढं बोलून तिने करंडा मनस्वीच्या हातात दिला. विषय संपला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. मान आडवी हलवली की उभी, हे कोणी नीट बघितलं नाही.

छापील प्रतीवरून पुन्हा थोडी चकमक झाली. अनिलचं म्हणणं, नाहीतरी नवीनच छापतोय तर सरळ करून घेऊ, कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं की त्रिशूळ उजव्या हातात. शे-दोनशे वर्षांची चूक फुकटात दुरुस्त. त्याने तसं ग्रुपवरही विचारलं आणि बहुमत सरळच्या बाजूने पडलं. तुझं मत तुझ्या वतीने दिशाने देऊन टाकलं आहे, हे तुला माहीत नसावं म्हणून सांगतो. मी म्हणणार होतो बरंच काही, पण योगिनीने परस्पर मिटवलं. अनिलला म्हणाली, सरळ कर हवी तर, मात्र मग अष्टमीला उजव्या हाताने ओवाळायला तू येत जा. त्याने मोबाईल खिशात टाकला. प्रत डावखुरीच येणार आहे.

संग्रहालयाची गाडी परवा गुरुवारी सकाळी यायची आहे. मनस्वी लाकडी पेटी, कापूस, फोम सगळं घेऊन येते आहे. अनिल ठाण्याला परत गेला, पण गुरुवारी रजा टाकून पुन्हा येणार आहे, गाडीबरोबर जायला. देवी सध्या माजघरात भिंतीला टेकून, पाटावर आहे. इतकी खाली ती कधी नव्हती. आता बसलं की तिचे डोळे बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येतात. बाकी माझं ठीक चाललं आहे. मला या बाबतीत काही वाटायचं कारण नाही. वस्तू टिकली पाहिजे, कुठे टिकते याला महत्त्व नाही, असं मी अनिललाही सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. काळजी आहे ती योगिनीची. करंडा तर दिला तिने, पण तेव्हापासून तिला जेवण जात नाही. ताट पुढे घेऊन बसते आणि भात नुसता चिवडते. दुपारी डोळा लागत नाही. दहादा उठून माजघरात जाऊन येते, काही ना काही निमित्त काढून. विचारलं तर चष्मा शोधतेय म्हणते. अशा वेळी घरात कोणी वडीलधारं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्यांना तेल चोळत जा आणि यंत्र कानात घालत जा, निदान दिशा घरात असेल तोवर तरी. थोरल्यांनी धाकट्यांना सांभाळायचं असतं, ते काम तू आजवर केलंस, पुढेही करावंस ही विनंती.

तुझा,
भास्कर

ता. क. – वर योगिनी जेवत नाही असं लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. योगिनी व्यवस्थित जेवते. आज सकाळी घावनं केली होती, ती तिने पोटभर खाल्ली आणि माझ्या ताटात उरलेलीही खाल्ली. चष्मा मीच शोधत असतो. तो बहुतेक वेळा माझ्या डोळ्यांवरच असतो.

आणखी ता. क. – ताई, अनिलला फोन कर. घराण्यात तू थोरली आहेस, तुझा शब्द तो मोडणार नाही. त्याला सांग की देवी घरातून हलता कामा नये. कारण देऊ नकोस, कारण दिलं की तो त्याला उत्तर देतो. तुला फोनवर ऐकू येत नाही हा या कामी मोठाच फायदा आहे. तू तुझं बोलशील आणि त्याचं काही तुझ्यापर्यंत पोचणार नाही. मी लिहिलं होतं हे मात्र सांगू नकोस. चेहरा जाईल हे मला कळतं. मनस्वीने मागून विजेरी धरली तेव्हा ते मीही बघितलं. पण रोज सकाळी उठून मी आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि शुक्रवारी सकाळी उठून कुठे जाऊन उभं राहायचं ते मला खरंच सुचत नाही. मला ती द्यायची नाही ताई. कितीही शहाणपणाचं असलं तरी द्यायची नाही.

शेवटचा ता. क. – आजची डाक निघून गेली. मी मुद्दामच ती जाऊ दिली, ओटीवर बसून तिची गाडी जाताना बघितली. हे पत्र उद्या संध्याकाळी पेटीत टाकीन, साधं तिकीट लावून. जन्म याच कामात गेला, तेव्हा ते तुझ्या हातात कधी पडेल ते मला पक्कं माहीत आहे; तोपर्यंत देवी कोरड्या थंड खोलीत पोचलेली असेल आणि मनस्वी करंडा उघडून बसली असेल. म्हणून आता अनिलला फोन करू नकोस. मी नाही म्हणालो होतो, एवढं फक्त तुला ठाऊक असू दे.